माळ्यावरचा डीबी स्पेक्ट्रम जाळला, आता नवीन घ्यावा काय? (बाबांची कॅसेट पण आहे)

उद्यमबाग_लेथ (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली कारण गाढवपणा केलाय. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर पितळेच्या भांड्यांच्या ट्रंकेमागं एक खोका सापडला, त्यात बाबांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सिंक्लेअर ह्या ब्रिटिश कंपनीच्या स्पेक्ट्रम प्लस ह्या घरगुती कॉम्प्युटरचा हा आपल्याकडचा भाऊ, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन १९८६ मध्ये भारतात आणला. झेड८० प्रोसेसर, ४८ के मेमरी, टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर. बाबांनी १९८८ ला घेतला तो काय गेम खेळायला नव्हे, उद्यमबागेत आमची छोटी फौंड्री होती तिथलं कास्टिंगचं कॉस्टिंग काढायला. (कास्टिंगचं कॉस्टिंग हा विनोद बाबांनी तेव्हापासून हजारेक वेळा तरी केलाय.)

खोक्यात एक कॅसेट पण निघाली. ए बाजूला रेडिओवरून टेप केलेली नाट्यगीतं, बी बाजूला बाबांच्या अक्षरात "कॉस्टिंग ३, नीट आहे". १ आणि २ चं काय झालं ते त्या "नीट आहे" वरून समजून घ्या.

बाबा आता ७६ चे. "चालू होतंय काय बघ की" एवढंच म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला, पण पान काय उलटत नव्हते. मी उत्साहाच्या भरात जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर हुडकून काढला, पिन अगदी फिट बसली, बटण दाबलं, दोन सेकंदात जळका वास. बाबा पेपरामागूनच म्हणाले, "गेलं वाटतं."

आता प्रश्न असा की लंडनहून आतेभाऊ जानेवारीत यायचाय, त्याला नवीन निघालेल्यातला एखादा स्पेक्ट्रम आणायला सांगू काय? नेटवर बघितलं तर चार-पाच प्रकार आहेत, कुठला खरा कुठला खेळणं काय कळेना. आणि मुख्य म्हणजे ही कॅसेट त्यावर चालेल काय?

निपाणीचा_सोल्डर

अरे मर्दा!! स्पेक्ट्रमला पिनच्या आत मायनस आणि बाहेर प्लस असतं, जगातल्या निम्म्या अडॅप्टरांच्या उलटं. तुझ्या राउटरच्या अडॅप्टरला आत प्लस. व्होल्ट बघितलास, पोलॅरिटी बघितली नाहीस. अडॅप्टरवर गोल-गोल चित्र काढलेलं असतंय ते शोभेला नसतंय.

पण मेलं म्हणून टाकून देऊ नको. ह्या बोर्डावर ४११६ जातीच्या मेमरीच्या आठ चिपा असतात, त्यांना ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि वर उणे ५ व्होल्ट असं तीन तऱ्हेचं खाणं लागतंय. ते तयार करणारा एक ट्रान्झिस्टर आहे, टीआर४ म्हणतात, बहुतेक वेळा पहिला तोच जातोय आणि जाताना एकदोन मेमऱ्या घेऊन जातोय. सगळं बदलता येतंय. वरच्या ३२ के ची तर गंमतच आहे, विलायती स्पेक्ट्रमात ६४ किलोबिटच्या अर्ध्या खराब निघालेल्या चिपा स्वस्तात घेऊन त्यांचा चांगला अर्धा भाग वापरलाय. सिंक्लेअर साहेब म्हणजे भंगारातनं संसार उभा करणारा माणूस, आपल्या बाजारात असता तर कुणाला ऐकला नसता.

नवीन घेऊ नको असं म्हणत नाही. पण कॅसेट कशातबी घालायच्या आधी थांब, त्यावर सविस्तर लिहितो, आत्ता दुकानात गिऱ्हाईक आलंय.

मलप्रभाकाठी (खानापूर)

दादा, माझ्याकडे त्यातला एक आहे, भावानं आणला, म्हणून सांगते. रेट्रो गेम्सवाल्यांचा, नाव नुसतं "द स्पेक्ट्रम", नोव्हेंबर २०२४ ला आला, तेव्हा किंमत ८९.९९ पौंड होती. १९८२ च्या मूळ स्पेक्ट्रमसारखाच हुबेहूब, त्याच मापाचा, रबरी कळांचा. मागं एचडीएमआय, यूएसबी, आत ४८ गेम भरलेले. खेळताना चुकलं तर मागं पण जाता येतं. माझा नववीतला मुलगा म्हणाला, आई हे तर चीटिंग आहे. मी म्हटलं, आमच्या वेळी हे असतं तर आम्ही पण केलं असतं.

बेसिक (त्यातली प्रोग्रॅम लिहायची भाषा) चालतं, कळा दाबल्या की पूर्वीसारखे अख्खे शब्द उमटतात, पी दाबलं की प्रिंट, एल दाबलं की लेट. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बाबांच्या डीबीला रबरी कळा नव्हत्या, प्लस मॉडेलला कडक प्लास्टिकच्या कळा होत्या, तेव्हा त्यांना हा "आपला" वाटेलच असं नाही. दुसरं, टेप जोडायला ह्याला भोकच नाही! कॅसेटचा आवाज आधी कॉम्प्युटरवर घेऊन त्याची टॅप फाईल करायची आणि पेनड्राईव्हवरून द्यायची. तशी दिली की चालते, मी माझ्या काही जुन्या चालवल्यात.

मोडका_जॉयस्टिक (सध्या पुणे, मूळ शहापूर-बेळगाव)

ताई, राग मानू नका पण ते मशीन म्हणजे आत एक मोबाईलसारखी चिप आणि त्यावर एम्युलेटर. स्पेक्ट्रमचा मुखवटा. खरं पाहिजे तर स्पेक्ट्रम नेक्स्ट. २०१७ ला किकस्टार्टरवर ७ लाख २३ हजार पौंड जमा झाले लोकांचे, २०२० ला मशिनं हातात पडली. खोक्याचं डिझाईन रिक डिकिन्सनचं, म्हणजे ज्यानं १९८२ चा मूळ स्पेक्ट्रम घडवला तोच माणूस, बिचारा २०१८ ला गेला, तयार झालेलं बघायला राहिला नाही. आत एफपीजीए, प्रोसेसर ३.५ वरून २८ मेगाहर्ट्झपर्यंत पळतो, आणि टेपसाठी खरं भोक आहे. बाबांची कॅसेट सरळ टेपरेकॉर्डर लावून लोड करा. फक्त मिळायची मारामार. चिपांच्या टंचाईत दुसऱ्या खेपेची मशिनं इतकी लांबली की लोक वाट बघून म्हातारे झाले.

गणपत_गल्ली

झालं सुरू. सीमाप्रश्न एक दिवस सुटेल पण एफपीजीए का एम्युलेटर हा वाद काय सुटायचा नाही.

उद्यमबाग_लेथ

हाहाहा. पण मला खरंच फरक सांगा कुणीतरी, मी लेथवाला माणूस, सॉफ्टवेअरवाला नव्हे.

मोडका_जॉयस्टिक

फौंड्रीवाल्याला फौंड्रीतलंच सांगतो. एम्युलेटर म्हणजे एक हुशार कामगार, जुन्या मशीनचं मॅन्युअल वाचत एकेक हुकूम पाळत जातो, बाहेरून काम तेच दिसतं. एफपीजीए म्हणजे मोल्डिंगची वाळू. पॅटर्न दाबला की वाळू त्या आकाराची होते, आज स्पेक्ट्रम, उद्या त्याच वाळूत कमोडोर, म्हणजे त्या काळचा दुसरा कॉम्प्युटर. स्विच चालू केला की दर वेळी पॅटर्न नव्यानं दाबला जातो आणि आतल्या हजारो बारक्या फाटकांची जोडणी खरोखर त्या मशीनसारखी होते. म्हणून प्रोसेसर, चित्र, आवाज सगळं एकाच वेळी शेजारी-शेजारी चालतं, जुन्या बोर्डावर चालायचं तसं. एम्युलेटरात ते एकामागून एक करून वेळेवर पोचवायचं असतं, त्यामुळं कळ दाबल्यावर उडी मारायला एखाद-दोन फ्रेम उशीर होऊ शकतो. पालचं (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) एक फ्रेम म्हणजे २० मिलिसेकंद. माणिक मायनरसारख्या गेममध्ये तेवढ्यात माणूस मरतो.

माणिक नव्हे, मॅनिक. फोन मराठी शिकलाय माझा.

निपाणीचा_सोल्डर

उदाहरण बरोबर हाय पण खरं सांगू काय, निम्मा उशीर लोकांच्या टीव्हीतला असतोय. टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि मग भांडा. आणि कॉस्टिंगच्या प्रोग्रॅमला २० मिलिसेकंदानं काय फरक पडणाराय, लोखंड थंड होतंय काय तेवढ्यात?

चिकोडी_मास्तर

मी निवृत्त शिक्षक. आपली चर्चा वाचून राहवले नाही. १९८४-८५ साली केंद्र सरकारची क्लास नावाची योजना आली होती, शाळांमधून संगणक साक्षरता. त्यात बीबीसी मायक्रो हे अकॉर्न कंपनीचे यंत्र देत. ३२ के मेमरी, ६५०२ प्रोसेसर, २ मेगाहर्ट्झ. मी ज्या शाळेत होतो तेथे ते आले तेव्हा खोलीला नवीन पडदे शिवले, चपला बाहेर काढायच्या, आणि खोलीची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. मुलांनी यंत्र पाहिले कमी, पडदे पाहिले जास्त. मला स्वतःला हात लावायला मिळाला तो सुट्टीत, किल्ली मागून घेतली तेव्हा.

एक गंमत सांगतो. त्या काळी अकॉर्न आणि सिंक्लेअर यांच्यात हाडवैर होते. अकॉर्नच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे स्वतःचा प्रोसेसर बनवला, तो एप्रिल १९८५ मध्ये चालू झाला, त्याचे नाव अकॉर्न रिस्क मशीन, म्हणजेच एआरएम. आज प्रत्येक मोबाईलमध्ये तोच वंश आहे. खानापूरच्या भगिनींनी जे यंत्र घेतले त्यातही एआरएमच आहे. म्हणजे नव्या स्पेक्ट्रमच्या पोटात अकॉर्न बसला आहे! क्लाइव्ह सिंक्लेअर २०२१ मध्ये वारले, हे त्यांना कुणी सांगितले नसावे.

मलप्रभाकाठी

मास्तर 😂 सासू-सुनेच्या मालिकेतला ट्विस्ट आहे हा.

कॅम्प_कमोडोर

स्पेक्ट्रमवाल्यांचं चाललंय चालू द्या, पण यंदाची खरी बातमी कमोडोरची. ख्रिश्चन सिम्पसन, यूट्यूबवर जुन्या कॉम्प्युटरांचे व्हिडिओ करणारा माणूस, त्यानं २०२५ मध्ये चक्क कमोडोर हे नावच विकत घेतलं आणि कमोडोर ६४ अल्टिमेट जाहीर केला. सुरुवातीची किंमत २९९.९९ डॉलर. एफपीजीएवरच आहे, जुनी कार्ट्रिज लागते, सिड ही जुनी आवाजाची चिप असेल तर ती बसवायला सॉकेट दिलेत. सिड म्हणजे काय ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही, तीनच स्वर एका वेळी पण बॉब यॅनिसनं अशी चिप केली की लोक अजून त्यावर गाणी रचतात. तुमच्या स्पेक्ट्रम ४८ चा बीपर म्हणजे पिठाच्या गिरणीचा भोंगा.

आणि हो, जुना कमोडोर कुणाच्या माळ्यावर असेल तर त्याचा मूळ पॉवर सप्लाय लावू नका रे बाबांनो. आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की व्होल्टेज वर चढतं आणि मेमरी भाजून काढतं. उद्यमबागवाल्यानं उलटं लावून जाळलं, कमोडोरवाले सुलटं लावून जाळतात.

फुकटचंद_५०

एवढे पैसे घालवायचे कशाला, मोबाईलवर फुकट ॲप आहे. नाहीतर ऑनलाइन ती स्टिक मिळते, २० हजार गेम.

गणपत_गल्ली

ती स्टिक मी घेतली होती. २० हजार गेम म्हणजे तेच दोनशे गेम शंभर-शंभर नावांनी. लहानपणी कीबोर्डवाला टीव्ही गेम मिळायचा बघा, कॉम्प्युटर म्हणून विकलेला, ९९९९९९ इन १, तोच धंदा अजून चालू आहे फक्त पॅकिंग बदललं. परत पाठवायला गेलो तर विकणारा गायब.

बाकी हौस कमी पैशात करायची असेल तर मिस्टर बघा, म्हणजे मिस्टर नावाचा प्रकल्प, नवरा नव्हे. एकाच एफपीजीए बोर्डावर स्पेक्ट्रम, कमोडोर, बीबीसी, अमिगा सगळं. मूळ बोर्ड महागला होता पण २०२४ पासून त्याच्या स्वस्त नकला निघाल्यात.

निपाणीचा_सोल्डर

आता कॅसेटचं. उद्यमबाग, नीट वाच.

१९८८ ची टेप आहे, सगळ्यात आधी ती एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं हळू फिरवून घे, पेन्सिलीनं फिरवलीस तरी चालेल, थर एकमेकाला चिकटलेले असतात. टेपरेकॉर्डरचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुस, सेंट मारलेल्या कापसानं नव्हे. हेडफोनच्या भोकातनं वायर घेऊन लॅपटॉपच्या लाईन-इनला दे, माईकच्या भोकात दिलास तर आवाज फाटणार. लॅपटॉपमधलं ते आवाज सुधारणारं जे काय असतंय, नॉइज कमी करणं वगैरे, सगळं बंद, कारण त्याला वाटतंय हा किंचाळणारा आवाज म्हणजेच नॉइज. आपल्याला तर तोच पाहिजे.

आवाज ऐकताना आधी पाचएक सेकंद सलग शिट्टी येणार, मग एक छोटासा खर्रर, त्यात प्रोग्रॅमचं नाव असतंय, मग परत शिट्टी आणि मग लांबलचक खरखर. शून्य असेल तर लाट छोटी, एक असेल तर बरोब्बर दुप्पट लांब, एवढंच त्याचं गणित. सेकंदाला सरासरी १५०० बिट. शेवटी एक बाईट असतोय, सगळ्या बाईटांचा हिशोब घेऊन ठेवलेला, तो जुळला नाही की टेप लोडिंग एरर. एक बिट जरी घसरला तरी मशीन ऐकत नाही, बँकेतल्या कॅशियरसारखं.

आवाज घोगरा आला तर हेडच्या शेजारी एक बारका स्क्रू असतोय, टेप चालू ठेवून तो पाव आट्याच्या आतच इकडं-तिकडं फिरव, जिथं आवाज सगळ्यात टोकदार लागतोय तिथं सोड. आधी स्क्रूला नेलपॉलिशची खूण कर म्हणजे परत जागेवर आणता येतोय. आणि काहीही झालं तरी रेकॉर्डच्या बटणाला हात लावू नको, कॅसेटच्या मागची प्लास्टिकची कुसळी आधी मोडून टाक.

उद्यमबाग_लेथ

अपडेट. टेपरेकॉर्डर उघडला तर बेल्ट नव्हताच, बेल्टाचं काळं डांबर झालेलं, बोटांना लागलेलं दोन दिवस निघालं नाही. शहापुरात गल्लीत एक म्हातारे रेडिओ दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडं घेऊन गेलो. त्यांनी बरणीतून मूठभर बेल्ट काढले आणि पुलीवर एकेक ओढून बघत बसले, शिंप्यानं माप घ्यावं तसं. सहावा बसला. पैसे विचारले तर म्हणाले आधी वाजू दे. ए बाजू लावली, गाणं सुरू झालं, ते कडवं संपेपर्यंत हलले नाहीत, मागं गिऱ्हाईक उभं.

आता अडचण. रेकॉर्ड केलं, स्क्रू फिरवून आवाज टोकदार केला, नाव बरोबर वाचलं जातंय: "कॉस्ट३". पण मोठा भाग दर वेळी अर्ध्यात एरर. सतरा वेळा केलं. बाबा रोज संध्याकाळी विचारतात आणि मी विषय बदलतो.

निपाणीचा_सोल्डर

रेकॉर्डिंग स्टिरिओ करून मग मोनो केलंस काय?

उद्यमबाग_लेथ

होय की, प्रोग्रॅमला मोनो फाईल लागते म्हणून दोन्ही बाजू एकत्र केल्या.

निपाणीचा_सोल्डर

तिथंच खाल्लंस. हेड किंचित तिरकं असलं तर डावा आणि उजवा आवाज एकाच क्षणाला येत नाहीत, एकत्र केलास की बारीक लाटा एकमेकाला खातात. एकच बाजू ठेव, दुसरी टाकून दे. डावी नाही चालली तर उजवी.

उद्यमबाग_लेथ

उजवी चालली!!!! पहिल्याच झटक्याला. लॅपटॉपवरच्या एम्युलेटरात उघडला. निपाणीकर, तुमच्यासाठी कुंदा घेऊन येतोय.

पण पुढचं ऐका. बाबांना लॅपटॉप दाखवला तर म्हणाले, "बरं बरं," आणि चष्मा काढून ठेवला. हे त्यांना त्यांचं मशीन वाटेना. मलप्रभाताई, तुमच्याकडं एखाद्या रविवारी आलो तर चालेल काय? पेनड्राईव्ह आणतो.

मलप्रभाकाठी

विचारायचं काय त्यात, बाबांना घेऊन जेवायलाच या.

मोडका_जॉयस्टिक

एम्युलेटरच शेवटी कामाला आला म्हणायचं. मी काही बोललो नव्हतो असं समजा.

उद्यमबाग_लेथ

काल खानापूरला जाऊन आलो. ताईंच्या टीव्हीला ते रबरी मशीन लावलं, पेनड्राईव्हवरून कॉस्ट३ उघडला. बाबा खुर्चीच्या कडेला बसलेले. कळांवरून अंगठा फिरवला आणि पहिलं वाक्य, "हे रबर कुठलं, आपल्याला प्लास्टिक होतं." (ताई, तुम्ही म्हणाला होता तसंच.)

स्क्रीनवर आलं, वजन किलो? बाबांनी उत्तर दिलंच नाही. उजव्या हातानं एक कळ दाबून धरली, डाव्यानं ए, मग एंटर, प्रोग्रॅम थांबवला. मग खाली न बघता के दाबलं आणि एंटर. के म्हणजे लिस्ट, हे मला मागाहून ताईंच्या मुलानं सांगितलं. सदतीस वर्षांनी बोट जागेवर गेलं, परवा किल्ली कुठं ठेवली ते आठवत नव्हतं त्यांना.

सगळा प्रोग्रॅम वर सरकत गेला. पिग आयर्न, भंगार, कोक, मजुरी, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. एका ओळीशी थांबले. तिथं रिजेक्शन ८ टक्के लिहिलं होतं. ताईंच्या मुलानं विचारलं, आजोबा रिजेक्शन म्हणजे काय, तर त्याला नीट समजावून सांगितलं, फुटकं-भोकाचं निघालेलं कास्टिंग परत भट्टीत घालायला लागतं ते. आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "८ कुठलं, १२ होतं. ८ गिऱ्हाइकाला दाखवायला."

आतेभावाला फोन केलाय, आणायला सांगितलंय. डीबी दुरुस्तीला निपाणीला पाठवतोय, टीआर४ सोबत.

गणपत_गल्ली

१२ टक्के म्हणजे बराच तोटा रे. बाकी ते बेल्टवाले काका शहापुरात नक्की कुठल्या गल्लीत? माझा पण एक टेप पडून आहे.

उद्यमबाग_लेथ

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. संध्याकाळी ५ नंतर जा, दुपारी झोपतात.